पेडलचा शाफ्ट आत का जात नाही?

नवा शाफ्ट, नवे बुश, सगळं मापात करून आणलेलं, आणि तरी शाफ्ट अर्ध्यावर येऊन अडतो. जुनी गाडी उभी करणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. इंजिन बांधून झालेलं असतं, चासी रंगवून वाळलेली असते, आणि बोटभर जाडीच्या एका दांड्यापाशी काम थांबतं. अशा वेळी हात आपोआप हातोड्याकडे जातो. तो तिथेच आवरावा. शाफ्ट अडतो त्याला कारण असतं, आणि ते कारण सापडण्याआधी मारलेला प्रत्येक घाव एक नवं नुकसान करून ठेवतो: टोक पसरतं, बुश ओरबाडला जातो, ब्रॅकेट किंचित वाकतो. मग मूळ कारण कुठलं आणि आपण केलेलं कुठलं, हेच कळेनासं होतं.

उदाहरणाला मी जीप घेतो. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप आणून जोडायला सुरुवात केली, आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक दशकं इथेच बनत राहिलं. त्यामुळे जीपवर हात बसलेले मिस्त्री आणि जीपचे सुटे भाग आपल्याकडे अजूनही सापडतात, आणि जुन्या गाडीच्या कामाची सुरुवात बरेच जण जीपपासूनच करतात. या गाडीची पेडलं डॅशबोर्डखाली लोंबत नाहीत. त्यांच्या दांड्या पायाखालच्या पत्र्यातल्या खाचांतून खाली जातात आणि पत्र्याखाली, चासीपाशी, आडव्या शाफ्टवर फिरतात. त्या काळातल्या अनेक गाड्यांची हीच तऱ्हा. क्लच आणि ब्रेक दोन्ही एकाच शाफ्टवर बसलेले. त्यातलं एक पेडल शाफ्टला क्लॅम्पने किंवा चावीने पक्कं जखडलेलं आणि दुसरं बुशवर मोकळं फिरणारं, ही मांडणी नेहमी दिसते. काही गाड्यांत मात्र शाफ्टच ब्रॅकेटमध्ये पक्का असतो आणि दोन्ही पेडलं त्यावर मोकळी फिरतात.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे, ते सगळ्यात आधी ओळखा. शाफ्टवरच्या प्रत्येक जागेपुढे कागदावर लिहा: इथे फिरायचं, की इथे जखडायचं. पुढचं सगळं काम या दोन शब्दांवर चालतं, कारण फिरणाऱ्या जागेला फट लागते आणि जखडलेल्या जागेला फट चालत नाही. शाफ्ट घट्ट आहे एवढं म्हणून भागत नाही. तो कुठे घट्ट आहे आणि तिथे तसा असायला हवा का, हा खरा प्रश्न.

या जागेला इतकं महत्त्व का? ब्रेकचं पेडल सोडल्यावर ते पूर्ण मागे यायलाच हवं. हायड्रॉलिक ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक अगदी बारीक भोक असतं. पेडल मागे आल्यावर पिस्टनचा रबरी कप त्या भोकाच्या मागे सरकतो आणि नळ्यांतलं तेल टाकीत परत जायला वाट मिळते. घट्ट शाफ्टमुळे पेडल थोडं जरी अलीकडे राहिलं, तरी कप त्या भोकावर बसून राहतो. ब्रेक किंचित लागलेले राहतात, ड्रम तापतात, तापलेलं तेल फुगतं, त्याला परतीची वाट नसते, म्हणून ब्रेक आणखी धरतात. चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत हे वाढत जातं. क्लचकडे पेडल पूर्ण मागे आलं नाही, तर रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरतं आणि झिजून जातं. बरेच जण अशा वेळी मास्टर सिलिंडर नवा घालतात, क्लच प्लेट बदलतात, आणि दुखणं शाफ्टमध्ये तसंच राहतं.

जुना शाफ्ट काढतानाच नव्या शाफ्टचं निम्मं काम होत असतं. पत्र्याखालची ही जागा चिखल-पाण्याच्या थेट माऱ्यात असते. कोकणात चाललेल्या गाडीत तर ग्रीसच्या जागी लाल माती आणि गंज यांचा दगड झालेला सापडतो. गंज सोडवणारं तेल घालून दोन-चार दिवस द्यावेत, मधून मधून हलकेच ठोकत राहावं. ठोकायचं तर तांब्याचा किंवा पितळेचा दांडा मध्ये धरून. शाफ्टचं टोक आधीच्या कुणी ठोकून पसरवलेलं असेल, तर बाहेर काढण्यापूर्वी ते कानशीने मूळ गोलाईत आणावं. नाहीतर ते पसरलेलं टोक जाता जाता सगळ्या भोकांना खरवडत जातं. गॅसची ज्योत लावण्याचा मोह मात्र गाडीवर असताना करू नये. विलीज जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, पेडलांपासून हातभर अंतरावर. तापवायचंच असेल, तर भाग सोडवून टेबलावर न्यावा.

वॉशर, स्प्रिंग, कॉटर पिन ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. आणि जुना शाफ्ट फेकू नये. तो कितीही झिजलेला असला, तरी मूळ माप सांगणारा तोच एक साक्षीदार आपल्या हाती आहे.

आता मापं. पेडलवर जोर नेहमी एकाच दिशेने येतो, म्हणून शाफ्टही एकाच बाजूने झिजतो. एका जागी, एकाच दिशेने मायक्रोमीटर लावला तर माप फसवतं. प्रत्येक जागी दोनदा मापावं: एकदा एका दिशेने, मग शाफ्ट पाव फेरा फिरवून. शिवाय जो भाग कधीच बुशमध्ये नव्हता, वॉशरखाली किंवा दोन पेडलांच्या मध्ये झाकलेला होता, तिथलं माप घ्यावं. तिथे मूळ व्यास शाबूत असतो. भोकांची मापं बोअर गेजने किंवा टेलिस्कोपिक गेजने घ्यावीत, तीही तोंडाशी, मध्ये आणि शेवटी. व्हर्नियरची टोकं भोकात घालून घेतलेलं माप इथे पुरत नाही. आपल्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी काम आहे.

माप घेताना आणखी एक सापळा असतो. या गाड्या इंचाच्या काळातल्या. समजा मूळ शाफ्ट पाऊण इंची आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. बाजारात ब्राइट बार मिळतो तो १९ किंवा २०चा. १९चा बार पाऊण इंची बुशमध्ये गेला, की नवाकोरा असूनही ०.०५ मिलिमीटर जास्तीचा ढिलेपणा पहिल्या दिवसापासून. आणि २०चा घासून केला, तर टर्नरने कुठे थांबायचं ते माप त्याला लिहून द्यायला हवं. ‘पाऊण इंच कर’ एवढं तोंडी सांगितलं, तर बरेच टर्नर सवयीने १९वर येऊन थांबतात. त्यांचा दोष नाही, आज सगळं काम मिलिमीटरमध्येच चालतं. म्हणून कागदावर १९.०५ असं लिहून, शक्यतो जुना शाफ्टही सोबत द्यावा.

एवढं करून शाफ्ट बरोबर मापाचा आला, बुशही बरोबर मापाचे आले, तरी अडतं ते का? सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण बुशमध्ये असतं. बुश पेडलच्या भोकात दाबून बसवतात. त्यासाठी त्याचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा थोडा मोठा ठेवलेला असतो. दाबल्यावर तो बाहेर पसरू शकत नाही, म्हणून आत आवळला जातो. पातळ बुशमध्ये बाहेरून जितकं दाबलं, जवळजवळ तितकाच आतला व्यास कमी होतो. आकड्यांत बघू. शाफ्ट १९.०५. बुशचा आतला व्यास १९.१०, म्हणजे फट ०.०५, अगदी योग्य. बुश बाहेरून भोकापेक्षा ०.०५ मोठा आहे. दाबून बसवल्यावर आतला व्यास उरतो साधारण १९.०५ ते १९.०६. फट संपली. टेबलावर सुटा असताना शाफ्टवर सर्रकन सरकणारा बुश पेडलमध्ये बसल्यावर शाफ्टला आत घेत नाही, आणि आपल्याला वाटतं की माप चुकलं. माप चुकलेलं नाही, क्रम चुकलेला आहे. बुश आधी दाबून बसवायचा, मग त्याचा आतला व्यास अखेरच्या मापाला आणायचा.

टर्नरकडे जाताना म्हणूनच सुटा बुश करून आणू नये. पेडल, शाफ्ट आणि बुशसाठी गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा तुकडा, तिन्ही घेऊन जावं आणि सरळ सांगावं, “मिस्त्री, बुश आधी पेडलमध्ये दाबा, आणि आतलं माप त्यानंतर काढा. शाफ्ट इथेच ठेवून जातो, त्यावरच जुळवा.” कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीत अशी कामं रोजची, नीट सांगितलं तर नीट होतात.

दुसरं कारण रंग. चासी आणि ब्रॅकेट हल्ली पावडर कोटिंगला देतात. दिसायला सुरेख होतं, पण त्या थराची जाडी ६० ते १०० मायक्रॉन असते, आणि भोकात तो दोन्ही बाजूंनी बसतो. म्हणजे भोक ०.१२ ते ०.२० मिलिमीटरने लहान. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, पण शाफ्टला पुरेसं. शाफ्टवर गंज धरू नये म्हणून झिंक प्लेटिंग केलं असेल, तर त्याचेही मिलिमीटरचे दोन शतांश व्यासात वाढतात. कोटिंगला देण्याआधी भोकांत रबराचे बूच किंवा मापाचे बोल्ट घालून द्यावेत. राहून गेलं असेल, तर थर खरवडून काढावा. धातूला हात लावू नये.

तिसरं कारण बारीक, पण शोधायला त्रास देणारं: चावीच्या खाचेची किंवा कॉटर पिनच्या भोकाची उभी राहिलेली कड. खाच मारताना कडेचा धातू केसभर वर येतो. बोट फिरवून ती लागते, नखाला तर नक्की लागते. बारीक कानस किंवा तेलाचा दगड दोनदा फिरवला, की काम झालं. शाफ्टच्या पुढच्या टोकालाही दोन मिलिमीटरचा उतार द्यावा, म्हणजे तो बुशच्या कडेवर न टेकता आत वळतो. जखडणारं पेडल क्लॅम्पचं असेल, तर त्याची फट आवळून गेलेली नाही ना तेही बघावं. वर्षानुवर्षं बोल्ट कसत राहिल्याने ती मिटते. फटीत पातळ पाचर घालून जरा उघडली, की शाफ्ट हाताने जातो. इथे शाफ्ट घासणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग बोल्ट कितीही कसला तरी ते पेडल घसरत राहतं.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते मापाच्या कागदावर दिसत नाही. प्रत्येक भोक एकेकटं बरोबर, पण सगळी एका रेषेत नाहीत. जुन्या लाकडी कपाटाचा खण जरा तिरका ओढला की जागा असूनही अडतो, तसंच इथे होतं. ब्रॅकेटची दोन भोकं १०० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यातलं एक अर्ध्या मिलिमीटरने खाली गेलं आहे असं धरू. शाफ्ट त्या प्रमाणात तिरका होतो. २५ मिलिमीटर लांबीच्या बुशमध्ये हा तिरकेपणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.१२ मिलिमीटरचा भरतो. आपण फट ठेवली होती ०.०५ची. शाफ्ट बुशच्या दोन समोरासमोरच्या कडांवर टेकतो आणि आवळतो. गाडी कधी दगडावर आदळली असेल, पूर्वी कुणी ब्रॅकेट वेल्डिंग केला असेल, चासीला वेल्डिंगने पट्टी मारली असेल, तर अर्धा मिलिमीटर ही काही मोठी गोष्ट नाही.

ही कारणं एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची? सगळं सोडवून एका वेळी एकच भोक तपासायचं. भोकं कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावीत, शाफ्टला पातळ तेलाचा हात लावावा. मग आधी फक्त पहिल्या ब्रॅकेटच्या भोकात शाफ्ट घालून बघावा, मग काढून फक्त दुसऱ्यात, मग टेबलावर एका पेडलमध्ये, मग दुसऱ्यात. एखाद्या भोकात एकटा असतानाही अडत असेल, तर दोष त्या भोकात: माप, रंग किंवा कड. सगळ्या भोकांतून एकेकटा सहज जातो आणि एकत्र जोडल्यावर अडतो, तर दोष रेषेत. हा प्रयोग करायला फार वेळ लागत नाही, आणि त्याने पुढचे कित्येक तास वाचतात. शाफ्टच वाकलेला आहे का, तेही याच वेळी पाहावं. काचेच्या सपाट तुकड्यावर तो घरंगळत सोडला, की वाकलेला शाफ्ट अडखळत जातो आणि त्याच्याखालून उजेडाची फट उघडझाप करते.

भोकाच्या आत नेमकं कुठे टेकतं ते बघायला मार्किंग ब्लू लागतं. हे निळं लुकण शाफ्टवर अगदी पातळ, बोटाने पसरून लावावं, शाफ्ट जाईल तेवढाच हाताने आत घालावा, थोडा फिरवावा आणि बाहेर काढावा. बुशच्या आत बॅटरीचा उजेड टाकला, की निळे डाग दिसतात. पूर्ण गोल पट्टा असेल, तर बुश सगळीकडून लहान आहे. तोंडाशी वरच्या बाजूला एक डाग आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूला दुसरा, असं दिसलं तर शाफ्ट तिरका जातो आहे. एकच रेघ असेल, तर कड. इतकं स्पष्ट दिसतं, की मग तर्क करावा लागत नाही.

बुश लहान आहे हे ठरलं, तर हत्यार एकच: रीमर. पेडलसारख्या कामाला ॲडजस्टेबल हँड रीमर सोयीचा. त्याच्या अंगावर उतरत्या खाचांत पाती बसवलेली असतात आणि दोन्ही टोकांना नट असतात. एक नट ढिला करून दुसरा कसला, की पाती वर सरकून व्यास वाढतो. पेडल व्हाइसमध्ये जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून, भोक उभं येईल असं धरावं. रीमर आधी इतका लहान ठेवावा, की तो बुशमधून नुसता खाली उतरेल. मग नट थोडा फिरवावा आणि टॅप हँडलने दोन्ही हातांनी सारखा जोर देत, सावकाश, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत खाली न्यावा. कापताना रीमर उलटा फिरवू नये. उलट फिरवला की पात्यांची धार जाते आणि कीस मध्ये अडकून बुशला ओरखडे पडतात. बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत वर घ्यावा, किंवा तळातून पुढे काढावा. बुशमध्ये ग्रीससाठी खाच असेल, तर सरळ पात्यांचा रीमर त्या खाचेत पडून धक्के देतो. तिथे पीळ दिलेल्या पात्यांचा रीमर लागतो.

एका फेरीला दोन-तीन शतांशापेक्षा जास्त काढू नये. प्रत्येक फेरीनंतर कीस झटकायचा, बुश पुसायचा, शाफ्ट घालून बघायचा. सुरुवातीच्या फेऱ्यांत फरक जाणवत नाही. मग एका फेरीनंतर शाफ्ट बोटाच्या दाबाने तोंडात शिरतो, पुढच्या फेरीनंतर फिरवत फिरवत खाली जातो, आणि त्याच्या पुढच्या फेरीला तेलाच्या थरावरून आपोआप, सावकाश उतरतो. तिथे थांबायचं. फट साधारण ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर आली, की पेडलला पुरे. आणखी एक फेरी मारावीशी वाटते. ती मारली, तर पेडल आडवं हलू लागतं आणि पुन्हा नवा बुश दाबावा लागतो. एका पेडलमध्ये दोन बुश असतील, तर दोन्ही एकाच लांब रीमरने, एकाच धरणीत, आरपार कापावेत. दोन्ही बाजूंनी वेगवेगळे कापले, तर रेष पुन्हा हुकते.

रीमर हाताशी नसला, की लोक काठीला एमरी पेपर गुंडाळून बुश घासतात. हे करू नका. एमरीचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात आणि ब्राँझ मऊ. ते कण ब्राँझमध्ये रुतून बसतात, धुतल्याने निघत नाहीत. पुढे वर्षभर प्रत्येक वेळी पेडल दाबलं, की ते शाफ्टला घासत राहतात. बुश तसाच राहतो आणि शाफ्ट झिजतो, जो बदलायला जास्त खर्चिक. सिंटर्ड ब्राँझचा, म्हणजे भुकटी दाबून बनवलेला, अंगात तेल धरणारा बुश असेल, तर त्याला रीमरही जपूनच लावावा. बोथट पात्याने त्याची छिद्रं लिंपली जातात आणि मग त्यातून तेल येत नाही. असा बुश मापाच्या पिनवर दाबून बसवतात, म्हणजे तो पिनच्या मापालाच आवळतो.

घट्ट असेल तर धातू कुठून काढायचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: बुशमधून, कधीही शाफ्टमधून नाही. बुश स्वस्त, आणि बदलण्यासाठीच केलेला. शाफ्ट एका जागी घासला, की तो त्या एका बुशला जुळतो आणि बाकी सगळ्या जागी ढिला होतो. जुनी गाडी आपल्यानंतर आणखी कुणाच्या तरी हाती जाणार असते. मापातला शाफ्ट त्या माणसाला कामाचा, ठिकठिकाणी घासलेला शाफ्ट कोडं घालणारा. ब्रॅकेटची भोकं झिजून मोठी झाली असतील, तर जाड शाफ्ट करण्याऐवजी भोकं थोडी मोठी करून त्यात स्लीव्ह बसवावी आणि शाफ्ट मूळ मापाचा ठेवावा. काही कारणाने माप बदलावंच लागलं, तर शाफ्टच्या टोकावर ते माप पंचने ठोकून ठेवावं.

रेष हुकलेली असेल, तर रीमरला हात लावण्याआधी ब्रॅकेट सरळ करावा. तिरक्या रेषेसाठी बुश मोठा केला, तर शाफ्ट जाईल खरा, पण तो दोन कडांवरच टेकून राहील आणि त्या कडा झिजल्या, की ढिलेपणा दुप्पट. बोल्टने बसणारा ब्रॅकेट असेल, तर बोल्ट ढिले करून शाफ्ट आरपार घालावा, तो मोकळा फिरतो आहे हे बघत बोल्ट आळीपाळीने कसावेत. कोणत्या बोल्टला शाफ्ट आवळतो ते लगेच कळतं. तिथे पातळ शिम लागते. रिव्हेट किंवा वेल्डिंगचा ब्रॅकेट असेल, तर भोकांतून एक लांब सरळ सळई घालून तिच्या आधाराने तो हळूहळू जागेवर आणावा लागतो. हे काम घाईचं नाही आणि एकट्याचंही नाही.

तापवणं आणि गार करणं हा सगळ्यांना आवडणारा उपाय. तो कुठे चालतो ते हिशेबाने पाहावं. १९.०५ मिलिमीटरचं लोखंडी भोक १०० अंशांनी तापवलं, की सुमारे ०.०२२ मिलिमीटरने मोठं होतं. शाफ्ट घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून सुमारे ५० अंशांनी गार केला, की ०.०१ मिलिमीटरने लहान होतो. दोन्ही मिळून तीन शतांशांची सूट मिळते. शाफ्ट ब्रॅकेटमध्ये कायमचा जखडायचा असेल, तर ही सूट उत्तम: घाव न घालता शाफ्ट जागेवर जातो आणि तापमान सारखं झालं, की पक्का धरला जातो. पण फिरणाऱ्या जागेत हाच उपाय केला, तर शाफ्ट आत गेल्याच्या आनंदात पाच मिनिटं जातात आणि मग पेडल जागच्या जागी आवळून बसतं. मग ते पुन्हा बाहेर काढणं हे मूळ कामापेक्षा अवघड. तापवायचं असेल तेव्हा जवळ रबर, ब्रेकची नळी किंवा ब्रेक ऑइल असू नये, आणि ज्योतीऐवजी हॉट एअर गन किंवा ओव्हन वापरावा.

आत घालताना शाफ्ट अर्ध्यावर अडला, तर पुढे ढकलू नये, मागे घ्यावा. कोरडं लोखंड लोखंडावर दाबाने घासलं, की दोघांचा धातू एकमेकांना चिकटून उपटतो. एकदा अशी गाठ उठली, की शाफ्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आत घालताना तेल, आणि शेवटच्या जोडणीच्या वेळी ग्रीस. ग्रीस निपलचं भोक आणि बुशमधलं भोक समोरासमोर आलं आहे का ते तार घालून पाहावं. बुश दाबताना तो किंचित फिरतो आणि भोक झाकलं जातं. मग निपलमध्ये ग्रीस भरताना गन घट्ट लागते आणि माणूस समजतो की ग्रीस भरलं. बुश बसल्यावर निपलच्या भोकातूनच ड्रिल घालून तो आरपार भोकावा आणि आतली कड रीमरच्या शेवटच्या फेरीत साफ करावी. साधं लिथियम चासी ग्रीस पुरतं. बुशच्या टोकांतून चहूबाजूंनी ग्रीस डोकावू लागलं, की ते सगळीकडे पोचलं.

वॉशर मूळ क्रमाने लावावेत आणि सगळं कसल्यावर पेडल बाजूला किती हलतं ते पाहावं. पाव-अर्धा मिलिमीटर हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल, तर एखादा वॉशर जास्त जाड आहे, आणि बुश कितीही सुरेख कापला तरी पेडल कडेने धरलं जाईल. घट्ट शाफ्ट म्हणून हैराण झालेली काही पेडलं केवळ वॉशर बदलून मोकळी झालेली आहेत.

मग परीक्षा. रिटर्न स्प्रिंग आणि पुश रॉड न जोडता पेडल हाताने वर उचलायचं आणि सोडायचं. ते स्वतःच्या वजनाने, कुठेही न थबकता खाली आलं पाहिजे. मध्येच थांबलं, तर स्प्रिंग लावून ते झाकू नका. स्प्रिंग आज ओढून घेईल, पावसाळ्यानंतर ओढणार नाही. जखडलेलं पेडल असेल, तर ते शाफ्टसकट असंच पडायला हवं. दोन्ही पेडलं वेगवेगळी सोडून बघावीत, आणि मग एक दाबून धरून दुसरं. एकाने दुसऱ्याला सोबत ओढलं, तर त्यांच्यामधला वॉशर घासतो आहे.

यानंतर स्प्रिंग, पुश रॉड, आणि मोकळी चाल. जीपमध्ये ब्रेक पेडल साधारण अर्धा इंच आणि क्लच पेडल साधारण पाऊण इंच मोकळं चाललं पाहिजे, मग जोर लागायला हवा. ब्रेकची चाल पुश रॉडवर आणि क्लचची त्याच्या जोडणीवर लावायची, आणि शाफ्टचं काम पूर्ण झाल्यावरच लावायची. शाफ्ट घट्ट असताना लावलेली चाल नंतर खोटी ठरते.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली, की चार-पाच किलोमीटर जाऊन थांबावं आणि चारही ड्रमना हात लावून पाहावा. सगळे कोमट असतील तर ठीक. चारही सारखे तापले असतील, तर पेडल पूर्ण मागे येत नाही किंवा पुश रॉडची चाल कमी आहे, हे आधी तपासावं. एकच तापला असेल, तर दोष त्या चाकात आहे आणि शाफ्टला हात लावायचं कारण नाही. शे-दोनशे किलोमीटरनंतर क्लॅम्पचा बोल्ट पुन्हा एकदा कसावा, निपलमधून ताजं ग्रीस भरावं, आणि स्प्रिंग सोडून पेडल एकदा हाताने उचलून बघावं.